आजीच्या कांशाच्या वाटीवरून ओतलेल्या वाट्या : पुण्यातील एका लहान पॉटरी स्टुडिओचा अनुभव

आमच्या घरी आजीच्या वापरातील कांशाची एक वाटी आहे. ती पोटाशी रुंद आणि काठाशी किंचित आत वळलेली असल्यामुळे हातात घेतली की अंगठा आपसूक काठावर विसावतो. जोडीच्या वाट्या केव्हाच मोडीत गेल्या. गेल्या मे महिन्यात ही वाटी पुण्यातील एका लहान पॉटरी स्टुडिओत दाखवून मी त्याच घाटाच्या 12 वाट्या, तसेच त्यांच्या नेहमीच्या नमुन्यातील 6 कप आणि 4 ताटे अशी मागणी नोंदवली. सर्व भांडी स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या टणक मातीची, प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून, म्हणजे स्लिप कास्टिंगने केलेली आहेत. नव्या साच्याच्या 3,500 रुपयांसह एकूण 14,800 रुपये खर्च आला. चार महिने रोजच्या जेवणात वापरल्यानंतर माझे मत असे आहे की, वाट्यांसाठी या स्टुडिओत अवश्य जावे, कपही घ्यावेत, ताटे मात्र घेऊ नयेत.

स्टुडिओ चालवणाऱ्या ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, "काका, हिच्यावरून थेट साचा काढला तर तुमच्या हातात वाटी नाही, वाटीचं पिल्लू येईल." त्यांची माती वाळताना आणि भाजताना मिळून सुमारे 12 टक्के आकसते. हे आकसणे लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी होत असल्यामुळे वाटीत मावणारी आमटी जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. म्हणून त्यांनी मूळ वाटीची मापे घेऊन सुमारे 14 टक्के मोठा प्लास्टरचा नमुना घडवला आणि त्यावरून साचा काढला. आत वळलेल्या काठामुळे एका तुकड्याच्या साच्यातून वाटी अडकल्याशिवाय बाहेर आली नसती, त्यामुळे दोन बाजू आणि एक तळ असा तीन तुकड्यांचा साचा करावा लागला. घेतलेले 3,500 रुपये या कामाकडे पाहता मला वाजवी वाटतात.

ओतकामाच्या दिवशी मी मुद्दाम तेथे थांबलो. साच्यातील भांडी म्हणजे यंत्राची भांडी, चाकावरची तेवढी हातची, असा समज आपल्याकडे सरसकट आढळतो आणि तो चुकीचा आहे, हे त्या दोन तासांत स्पष्ट दिसले. बॉल क्ले आणि चायना क्ले या माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजे यांच्या ओतायच्या मिश्रणात, म्हणजे स्लिपमध्ये, पाणी बेताचेच असते. अगदी थोडे सोडियम सिलिकेट घातल्यामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून राहत नाहीत आणि ती दाट साईसारखी वाहू लागते. एरवी तेवढ्याच प्रवाहीपणासाठी कितीतरी जास्त पाणी घालावे लागले असते, साचा लवकर ओला झाला असता आणि भांडे तडकण्याची भीती वाढली असती. पाण्याचे प्रमाण बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी ओतण्यापूर्वी ताईंनी एक लिटर स्लिप मापून तिचे वजन केले आणि 1.78 किलो हा आकडा वहीत नोंदवला.

साचा काठोकाठ भरल्यावर प्लास्टर पाणी शोषू लागते, पृष्ठभाग हळूहळू खाली जातो आणि वरून पुन्हा भर घालावी लागते. बारा मिनिटांनी साच्याच्या भिंतीला सुमारे 4 मिलिमीटर जाडीचा थर धरल्यावर त्यांनी उरलेली स्लिप एका संथ, अखंड धारेने परत बादलीत ओतली. हात मध्येच थांबला तर वाटीच्या आत त्याची लाट कायमची उमटते. साचा दोन पट्ट्यांवर पालथा ठेवून निथळू दिला आणि ओल्या मातीवरची चकाकी पूर्ण उतरेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. वाटी बाहेर काढल्यावर साच्याच्या सांध्याची बारीक रेघ आधी पात्याने, मग ओल्या स्पंजाने पुसली गेली. माझ्या बारा वाट्यांपैकी एकीवरच ती रेघ उजेडात तिरकी धरल्यावर दिसते.

दिवसातील पहिल्या ओतकामानंतर साचा ओलसर होतो, म्हणून पुढच्या प्रत्येक वाटीला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. तो अंदाज चुकला की एक वाटी हलकी आणि दुसरी जड होते. घरी आल्यावर मी सर्व वाट्या तराजूवर ठेवल्या. सर्वांत हलकी 168 ग्रॅम आणि सर्वांत जड 176 ग्रॅम भरली. एवढ्या लहान जागेत इतका सारखेपणा राखणे हे खरोखर कौतुकास्पद आहे.

वाट्यांच्या आतून चकचकीत पांढरे ग्लेझ, म्हणजे भाजून बसवलेला काचेसारखा लेप आहे. चिंचगुळाची आमटी, सोलकढी आणि ताक यांचा त्यावर कोणताही परिणाम झालेला नाही. लिंबाची फोड रात्रभर ठेवूनही रंग बदलला नाही. या चाचणीने ग्लेझ आम्लात टिकते एवढेच कळते, काही ग्लेझमध्ये असणारे विषारी शिसे यात आहे की नाही, याचा निर्णय तिच्यावरून करता येत नाही. म्हणून मी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. पांढऱ्या ग्लेझचा अहवाल त्यांनी लगेच दाखवला, परंतु निळ्या मॅट (चकाकी नसलेल्या) ग्लेझचा त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे वाट्यांना आणि कपांना निळा रंग मी फक्त बाहेरून घेतला. एक वाटी दोन तास उकळून, रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा तोलली, तेव्हा वजन एका ग्रॅमनेच वाढले होते. म्हणजे माती पाणी जवळजवळ शोषत नाही, ती उत्तम भाजली गेली आहे.

ताटांबाबत मात्र निराशा झाली. चारपैकी दोन ताटे ओट्यावर डगमगत होती. पसरट आकार साच्यातून काढताना जरासा वाकला आणि लगेच हाताने सरळ केला, तरी मातीत तो बाक राहून जातो आणि भट्टीत पुन्हा वर येतो. कारखान्यांत ताटे बहुधा फिरत्या साच्यावर दाबून करतात. ताईंनी दोन्ही ताटे तक्रार न करता बदलून दिली, पण बदलून आलेल्यांपैकी एक अजूनही किंचित हलते. शिवाय ताटे आतूनही मॅट असल्यामुळे स्टीलच्या चमच्याच्या करड्या रेघा त्यांवर उठतात आणि साध्या साबणाने त्या जात नाहीत. एका ताटाचे 875 रुपये मोजल्यावर हे खटकते.

दुसरी तक्रार वेळेची आहे. जुलैच्या मध्यापर्यंत देऊ असे सांगितलेली भांडी ऑगस्टच्या अखेरीस मिळाली. पावसाळ्याच्या दमट हवेत साचे वाळत नाहीत आणि सुमारे 50 अंशांपेक्षा जास्त उष्णता दिल्यास प्लास्टर भुसभुशीत होऊ लागते, म्हणून घाई करता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु पुण्यात पाऊस दरवर्षी येतो. ही अडचण मागणी घेतानाच सांगायला हवी होती, मुदत उलटल्यावर नव्हे. आपणास येथे काही करून घ्यायचे असेल तर दिवाळीनंतर मागणी नोंदवावी.

आमचा साचा त्यांनी चिठ्ठी लावून फळीवर जपून ठेवला आहे. झीज होऊन बारकावे बोथट होण्यापूर्वी त्यातून पन्नासेक वाट्या निघतील, असे त्यांनी सांगितले. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडून एक वाटी फुटली, तेव्हा प्रत्येकी 450 रुपयांप्रमाणे दोन वाट्या मागवल्या. कोरड्या थंडीत त्या तीन आठवड्यांतच आल्या. दोन्हींचे वजन 171 ग्रॅम भरले, आणि कांशाच्या वाटीशेजारी ठेवल्यावर काठाचा वळसा तंतोतंत जुळला.