छतावरचं ५जी इंटरनेट, जवळपास वर्षभर वापरून: स्पीड आहे, पण पिंगचं काय?

लोक पहिलं स्पीडच विचारतात, म्हणून ते आधी सांगून टाकतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन, दिवसा नव्वदच्या आसपास मिळतात, रात्री नऊला चाळीस-पन्नास. आमच्या घराला एवढं रगड आहे. तक्रार स्पीडची नव्हतीच. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा, पुण्याच्या ऑफिसमधल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करताना दाबलेलं अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटायचं, आणि बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळताना कोपऱ्यातला पिंगचा आकडा (पाठवलेला संदेश जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग, लागले तो) लाल झाला की पोरगा घर डोक्यावर घ्यायचा. आणि हे सगळं होत असताना स्पीड टेस्ट लावली तर ती मात्र ठणठणीत.

घर चिपळूणच्या बाहेर, गुहागर रस्त्याला. फायबर अलीकडच्या वाडीपर्यंत येऊन थांबली आहे. ही ५जी घरगुती जोडणी २०२३ च्या उत्तरार्धात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सुरू झाली, आमच्याकडे यायला वेळ लागला. आली तशी घेतली. गच्चीच्या कठड्यावर पांढरं युनिट, तिथून लॅन केबल खाली, मध्ये पीओई अडॅप्टर (त्याच केबलमधून युनिटला वीज देणारा), मग राउटर. जीएसटीसकट महिन्याला हजाराच्या आसपास पडतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या अशा जोडणीला लागू पडतं.

सगळ्यात आधी वायफाय बाजूला काढा. लॅपटॉपला थेट लॅन केबल लावा आणि दोन खिडक्यांत पिंग चालू ठेवा: एक घरच्या राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरा बाहेर इंटरनेटवरच्या १.१.१.१ या सार्वजनिक पत्त्याला. विंडोजवर पत्त्यापुढे हायफन टी लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतो. केबलवर राउटरचा पिंग एक मिलिसेकंदाच्या आत असायलाच हवा. तो नीट आणि बाहेरचा बिघडलेला, तर दोष राउटरच्या पलीकडे. मग केबल काढून वायफायवर तेच करा. राउटरचाच पिंग ५०-१०० वर उड्या मारत असेल तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवर काम करताय, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे वायफायचा वाटा होता, पण थोडा. राउटर हॉलमध्ये आणला आणि तो विषय संपला.

आता साधारण किती पिंग अपेक्षित धरायचा? चिपळूण ते मुंबई रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. अंतराचा हिशेब एवढाच. उरलेलं सगळं रेडिओचं, रांगांचं आणि मधल्या यंत्रांचं. आपल्याकडच्या ३.३ गिगाहर्ट्झवरच्या ५जीमध्ये अपलोड आणि डाउनलोड एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतात, आणि पाळ्यांतला मोठा हिस्सा डाउनलोडला जातो. पाचातली एक पाळी अपलोडला, अशी वाटणी सर्रास असते. त्यातही तुमच्या युनिटला काही पाठवायचं असेल तर आधी टॉवरकडे परवानगी मागावी लागते, ती मिळाली की मग पाठवायचं. त्यामुळे निवांत वेळीही २० ते ४० मिलिसेकंद ही या जोडणीची नेहमीची चाल आहे. भाच्याकडे पुण्यात फायबरवर ४ दिसतात, ते पाहून इथे भांडू नये. आवाजाच्या कॉलसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा संकेत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा आहे. चाळीस त्याच्या पुष्कळ आत बसतात. माणसाला त्रास होतो तो चाळीसचे अचानक सहाशे होतात तेव्हा.

एक गंमत इथेच सांगतो. सेकंदाला एक या नेहमीच्या वेगाने पिंग मारला तर माझ्याकडे आकडे ३० ते ५५ असे विखुरलेले येतात. तोच पिंग सेकंदाला पाच मारला की २५ ला येऊन स्थिर होतो. दोन पिंगांच्या मधल्या रिकाम्या वेळात रेडिओ डुलकी घेतो आणि त्याला जागं करण्यात वेळ जातो. प्रत्यक्ष कॉल चालू असताना पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) सतत जातात, त्याला झोपायला फुरसतच नसते. त्यामुळे रिकाम्या लाइनवरचा हा विखुरलेपणा पाहून घाबरायचं कारण नाही.

खरा रोग सापडला तो लाइनवर भार टाकून पिंग पाहिल्यावर. फास्ट डॉट कॉमवर चाचणी संपली की जास्त माहितीचं बटण दाबा. तिथे विलंबाचे दोन आकडे येतात, रिकाम्या लाइनवरचा आणि भरलेल्या लाइनवरचा. स्पीडटेस्टच्या ॲपमध्येही डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचा पिंग वेगळा दाखवतात, लोक तिकडे बघत नाहीत एवढंच. माझे आकडे: रिकाम्या लाइनवर ३२, डाउनलोड चालू असताना ११०, अपलोड चालू असताना ६४० च्या पुढे. आणि घरात दिवसभर अपलोड कोण करतं? खिशातले फोन. लग्नाचे व्हिडिओ काढून बायको घरी आली, फोनने वायफाय पकडलं, फोटोंचा बॅकअप सुरू झाला, आणि वरच्या खोलीत माझी मीटिंग आचके द्यायला लागली. हा मेळ लागेपर्यंत आम्ही सगळे मिळून टॉवरला शिव्या घालत होतो.

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याकडे लोकांचं लक्ष वेधलं. युनिटमध्ये पाकिटं साठवायला मोठी जागा असते. बाहेर जायची वाट अरुंद आणि आत येणारा माल जास्त, की युनिट काही टाकून देत नाही, सगळं रांगेत उभं करतं. दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीसाठी तीस गाड्या लागल्या असतील आणि तुम्हाला एका स्कूटरवरून पलीकडे धोपाव्याला जायचं असेल, तरी रांगेतच थांबा असा नियम केला तर काय होईल, तेच माझ्या आवाजाच्या पाकिटाचं होत होतं. जेट्टीवरची माणसं शहाणी असतात, स्कूटर कडेने आत घेतात. राउटरमध्ये हे काम एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे रांगेची शिस्त) करतं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघून रांग कापणारी. तिचीच पुढची पिढी म्हणजे केक. दोन्ही ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतात.

कंपनीच्या राउटरमध्ये यातलं काही नव्हतं. म्हणून मीडियाटेक ७६२१ चिपचा जुना राउटर घेतला, त्यात ओपनडब्ल्यूआरटी चढवलं, कंपनीच्या राउटरमागे जोडला आणि कंपनीचं वायफाय बंद केलं. दोन राउटर एकामागे एक असल्याने नॅट (घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकच पत्ता देणारी सोय) दुहेरी होतं, पण तसंही कंपनीकडून १०० ने सुरू होणारा सामायिक पत्ताच मिळतो, त्यामुळे बिघडायला फारसं काही शिल्लक नव्हतं.

फायबरवर एसक्यूएम बसवणं सोपं असतं: मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घातली की झालं, रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि तिथे केक ती आवरतो. छतावरच्या ५जीला ते पुरत नाही, कारण वाटच दिवसभर आकार बदलते. माझं अपलोड सकाळी १८ असतं, रात्री ४ वर येतं. मर्यादा १५ ठेवली तर रात्री रांग पुन्हा युनिटमध्येच लागते आणि केक बघत बसतो. ४ ठेवली तर सकाळी चौदा एमबीपीएस वाया. यावर केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे. ती बाहेरच्या काही पत्त्यांना सतत पिंग करत राहते, विलंब वाढायला लागला की मर्यादा खाली आणते, निवळला की वर नेते. मी किमान ३, मधला ८, कमाल १८ असं दिलं आहे. आता अपलोड चालू असताना पिंग ६० ते ७५. वेग थोडा जातो, एकूण दहाएक टक्के. मला तो सौदा केव्हाही मान्य आहे. ज्याला फक्त मोठ्या फाइली उतरवायच्या आहेत त्याने या भानगडीत पडू नये.

एवढं करूनही काही वेळा कोणीच काही अपलोड करत नसताना पिंग १५०-२०० वर जायचा. हे दुसरं दुखणं. सिग्नल खराब आहे की टॉवरवर गर्दी आहे, हे नुसत्या पिंगवरून कळत नाही. माझी पद्धत साधी: पहाटे पाचला पिंग बघा आणि रात्री नऊला बघा. पहाटेही वाईट असेल तर सिग्नल. पहाटे सुरेख आणि रात्री बोंब असेल, तर गर्दी. आयपीएलच्या दिवसांत तर आकडे पाहूनच सामना चालू आहे हे सांगता येतं.

आमच्याकडे दोन्ही निघाले. सिग्नलचं आधी. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने ॲपमध्ये सगळ्यात जोरदार टॉवर बघून युनिट तिकडे फिरवलं होतं, म्हणजे गावाच्या बाजूला. आरएसआरपी, म्हणजे सिग्नलचा जोर, उणे ८४ (शून्याच्या जितका जवळ तितका जास्त), दिसायला झकास. पण खरं बघायचं असतं एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते, आणि ते होतं जेमतेम ४. सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. दोघांचा आवाज सारखाच जोरात येत असेल तर ऐकू खूप येतं, कळत काहीच नाही. मग पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात, आणि प्रत्येक फेरीला काही मिलिसेकंद जातात. दुसऱ्यांदा आलेला मुलगा समजूतदार होता. म्हटलं, "दादा, जोर नको बघू, एसआयएनआर बघत हळूहळू फिरव." तो म्हणाला, "सर, पण सिग्नलची काडी कमी होईल हां." म्हटलं होऊ दे. टेकडीवरच्या लांबच्या टॉवरकडे तोंड केलं तेव्हा आरएसआरपी उणे ९६ झाला आणि एसआयएनआर १७. गावच्या टॉवरकडे आता युनिटची पाठ येते, मध्ये पाण्याच्या टाकीचा आडोसा. दोन काड्या कमी, आणि पहाटेचे उंच सुळके गेले.

पावसाबद्दल लोक फार बोलतात. या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या थेंबांचं विशेष काही वाटत नाही; २६ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर गोष्ट वेगळी. अडवतो तो पाला, त्यातही ओला. जुलैमध्ये शेजारच्या आंब्याने एसआयएनआर ३-४ ने खाली आणला. युनिट दीड मीटरच्या पाइपवर चढवलं. काकांनी फांदी तोडू दिली नाही, आणि हापूसची फांदी कोण तोडू देईल!

आता गर्दी. विनएमटीआर नावाचं सॉफ्टवेअर चालवून ठेवलं. ते प्रत्येक टप्प्याचा पिंग वेगळा दाखवतं. एखादा मधला टप्पा ४० टक्के लॉस (उत्तरच न आलेली पाकिटं) दाखवतो आणि त्यानंतरचे सगळे स्वच्छ असतात, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करा. ते यंत्र पिंगला उत्तर देण्यात आळशी आहे, वाहतूक नीट पुढे नेतंय. चढ तिथून शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा. माझ्याकडे राउटरनंतरच्या पहिल्याच टप्प्यावर रात्री १८० आणि तिथून शेवटपर्यंत तेवढेच. एसआयएनआर तेव्हाही १७. म्हणजे हवेतला सिग्नल चांगला, पण टॉवरवर किंवा टॉवरच्या मागच्या जोडणीत दाटी.

ग्राहक सेवेचा अनुभव सगळ्यांना ठाऊक आहे. राउटर बंद करून चालू करा, स्पीड टेस्ट करा, सर्व्हर आपोआप निवडला जाईल तोच ठेवा. तो सर्व्हर त्यांच्याच नेटवर्कमध्ये असतो, आणि निकालातला वेग तेवढा बघतात, विलंबाकडे कोणी बघत नाही. तीन वेळा तक्रार "निराकरण झाले" म्हणून बंद झाली. मग अपिलात गेलो. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण असावं लागतं, आधीच्या तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) लागतो. सोबत पहाटेचा आणि रात्रीचा विनएमटीआर, दोन्हींवर तारीख, वेळ आणि एसआयएनआर. "नेट स्लो आहे" हे शब्द टाळले. लिहिलं एवढंच, की सिग्नल तोच असताना पहिल्या टप्प्यावर रात्री ८ ते ११ विलंब सहापट होतो. या वेळी फोन आला तो नेटवर्क विभागातून, आणि त्या गृहस्थांनी राउटर बंद करायला सांगितलं नाही. महिन्याभराने रात्रीचे १८० चे ६५ झाले. काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही.

एक लहानसं प्रकरण राहिलं. १.१.१.१ चा पिंग ३० असताना ऑफिसचा सर्व्हर ११० दाखवायचा. ट्रेसराउट केला, म्हणजे पाकिटांची वाट टप्प्याटप्प्याने तपासली, तर मुंबईतल्या सर्व्हरची वाट सिंगापूरवरून. यात आपल्या हातात काही नाही. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी दुसऱ्या पत्त्यावरून व्हीपीएन दिला, त्यावर ३८ येतात.

घ्यावं का? फायबर दारात असेल तर नको. नसेल तर घ्या, पण बसवताना गच्चीवर स्वतः उभे राहा आणि तंत्रज्ञाला एसआयएनआर विचारा. ४जी डोंगलपेक्षा हे कितीतरी बरं. बायकोच्या ऑनलाइन शिकवण्या आता विनातक्रार चालतात. रिमोट डेस्कटॉपवर अक्षर दाबल्याबरोबर उमटतं असं म्हणणार नाही, पण विसरून काम करता येतं.

सध्या सतावतंय ते एकच. लाईट जाऊन आली की युनिट नव्याने टॉवर शोधतं आणि कधीकधी पाठीमागून येणाऱ्या गावच्या टॉवरलाच चिकटतं. एसआयएनआर परत ४. मग पीओई अडॅप्टरची पिन काढून मिनिटभराने घालायची, बहुतेकदा टेकडीवरचा पकडतो. अडॅप्टर छोट्या यूपीएसवर टाकलाय, त्यामुळे हे कमी झालं. एकाच टॉवरला बांधून ठेवायची सोय युनिटमध्ये आहे म्हणे, पण तिचा पासवर्ड कंपनीकडे. मागितला आहे.