सरहद्दीवरचे दोन शेवट: 'बॉर्डर इन्सिडेंट' की 'टच ऑफ ईव्हिल'?

अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरच्या गुन्हेगारीचा एकच जुना कृष्णधवल चित्रपट पाहायचा असेल, तर निवड बहुधा या दोघांत अडते. शेवट सांगितल्याशिवाय तुलना होणार नाही, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको त्यांनी इथेच थांबावं.

अँथनी मानचा 'बॉर्डर इन्सिडेंट' (१९४९) माणसांच्या तस्करीवर आहे. मेक्सिकन शेतमजुरांना चोरून कॅलिफोर्नियात आणायचं, राबवायचं आणि परतताना लुटून मारायचं, हा टोळीचा धंदा. शेवटी दलदलीच्या दरीत चकमक होते, रुतत चाललेल्या नायकाला, म्हणजे मेक्सिकन अधिकारी पाब्लोला, मजूरच बाहेर ओढतात. इथवर उत्तम. पण नंतर झेंडे, सत्कार आणि दोन्ही सरकारांच्या छत्राखाली मजूर आता सुरक्षित असल्याची ग्वाही! आधी जे पाहिलं, त्यानंतर ही ग्वाही पटत नाही.

कारण या चित्रपटाचा खरा शेवट आधीच, रात्रीच्या शेतात होऊन गेलेला असतो. जखमी अमेरिकन अधिकारी सऱ्यांमधून सरपटतोय, ट्रॅक्टरमागचा कुळव त्याच्या अंगावर येतोय आणि कोणीही त्याला वाचवत नाही. ही भूमिका जॉर्ज मर्फीची, म्हणजे नाचगाण्याच्या चित्रपटांतल्या लाडक्या नटाची. तो असा मरेल हे तेव्हाच्या प्रेक्षकाच्या स्वप्नातही नसणार. जॉन आल्टनच्या छायाचित्रणातला तो काळोख अंगावर येतो.

ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये (१९५८) अमली पदार्थांची टोळी आहे, पण कथा भ्रष्ट पोलीस अधिकारी क्विनलनची. खोटे पुरावे पेरणारा हा माणूस तेलविहिरींजवळच्या घाण पाण्यात मरतो, तेही जिवलग सहकाऱ्याच्या गोळीनं. आणि मग कळतं, ज्याला त्यानं अडकवलं त्या संशयितानं गुन्हा कबूल केलाय. पुरावा खोटा, अंदाज खरा. त्याच्याबद्दलचे अखेरचे शब्दही कायद्याच्या माणसाचे नाहीत. ते त्याला पूर्वीपासून ओळखणाऱ्या तान्याचे, मार्लीन डीट्रिचच्या तोंडचे.

शेवटासाठी निवडायचा तर माझं मत निःसंशय वेल्सला. मेक्सिकन नायकाच्या बाबतीत मात्र मानचा चित्रपट कितीतरी प्रामाणिक आहे: तिथे मेक्सिकोतच जन्मलेला रिकार्डो मॉन्टल्बान, इथे रंग फासलेला चार्लटन हेस्टन. ते खटकतंच.

वेल्सचा निवडलात तर १९९८ची आवृत्ती शोधा. स्टुडिओनं चित्रपट हातातून काढून घेतल्यावर त्यानं ५८ पानी टिपण लिहिलं होतं, त्याबरहुकूम संकलक वॉल्टर मर्चनं ती पुन्हा जुळवली. सुरुवातीचा तो प्रसिद्ध सलग शॉट तिच्यात श्रेयनामावलीविना दिसतो.