शिकारी आणि सावजाची नाणी घेताना माझे 31,440 रुपये गेले

रॉयल कॅनेडियन मिंट या टांकसाळीने 2011 ते 2013 या काळात काढलेली वन्यप्राण्यांची सहा चांदीची नाणी मला कितीतरी वर्षांपासून हवी होती: लांडगा, ग्रिझली अस्वल, कूगर (मोठे रानमांजर), मूस (थोराड हरीण), प्रॉन्गहॉर्न (हरणासारखा प्राणी) आणि वुड बायसन (गव्यासारखा प्राणी). लांडग्याशेजारी मूस, कूगरशेजारी प्रॉन्गहॉर्न, असे शिकारी आणि सावज एका पेटीत मांडावे एवढीच हौस होती. कोल्हापुरात नाणी जमवणारे पुष्कळ आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

जाहिरात समाजमाध्यमावर दिसली. विकणारा पुण्यातील निवृत्त बँक अधिकारी, मुलाकडे कायमचा परदेशी निघालेला. पुढचे तुम्हाला ठाऊकच असेल. एका नाण्याचे 3,850 याप्रमाणे सहांचे 23,100 आणि कुरिअर व विम्याचे 640 रुपये मी आगाऊ पाठवले. वास्तविक छायाचित्रातील मूसच्या नाण्यावर 2011 साल होते. मूस 2012 चा, हे मला पाठ आहे आणि मी तसे विचारलेही. ‘काका, ती टांकसाळीची चूक आहे, म्हणून तर ते दुर्मीळ,’ असे उत्तर आले. सदोष नाण्यांना खरोखरच जास्त मोल येते, त्यामुळे ते मला पटले. मग ते इतरांच्याच भावात का देतो, हा प्रश्न मात्र मी विचारला नाही, कारण दुर्मीळ नाणे स्वस्तात पदरात पडत आहे याचा मला आनंद झाला होता.

पार्सलमध्ये प्रत्येक नाणे प्लास्टिकच्या गोल डबीत होते आणि ‘डबी उघडू नये, बोटांचे ठसे उमटल्यास किंमत उतरते’ अशी चिठ्ठी होती. यात खोटे काही नाही, कोणताही संग्राहक हेच सांगेल. म्हणून मी नाणे डबीसकट काट्यावर ठेवले. काट्याने 31.3 ग्रॅम दाखवले. असे खरे नाणे एक ट्रॉय औंसाचे (मौल्यवान धातू मोजण्याचे माप), म्हणजे 31.1 ग्रॅमचे असते, हे डोक्यात पक्के असल्याने मी समाधानाने काटा बंद केला. डबीचे वजन वजा करायचे मला सुचले नाही. तो आकडा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. रिकामी डबी 6.1 ग्रॅमची होती आणि नाणे 25.2 ग्रॅमचे. चौथीतल्या मुलाला जमणारी ती वजाबाकी मी केली नाही आणि त्याच संध्याकाळी 2016 ते 2019 मधल्या शिकारी प्राण्यांच्या चार नाण्यांसाठी, 15,400 पैकी निम्मे म्हणून, आणखी 7,700 रुपये पाठवले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

गुजरी या कोल्हापूरच्या सराफ बाजारातील ओळखीच्या सराफाने नाणे फरशीवर टाकले तेव्हा चांदीचा लांबत जाणारा नाद आला नाही, बद्द आवाज आला. कडेला कानस फिरवताच पिवळे पितळ दिसले. चुंबकावर विसंबू नका, पितळही चुंबकाला चिकटत नाही. हुपरीसारखे चांदीचे गाव हाकेच्या अंतरावर असताना टंच काढून (चांदीची शुद्धता तपासून) घेण्याआधी दुसरा पैसा सोडू नका.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. मग पोलीस ठाण्यात गेलो. ‘काका, वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?’ चांदी सांगून पितळ देणे ही फसवणूक नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 318 कशासाठी आहे? दुसऱ्या खेपेला आरोपी पुण्याचा म्हणून पुण्याला जा, असे सांगितले. गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते, हे मी वाचून दाखवले, तर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. तिसऱ्या खेपेला पार्सल उघडतानाचे चित्रण मागितले. ते माझ्याकडे नव्हते. तुम्ही न चुकता करा. बँकेत ‘पिन तुम्हीच टाकलात’ एवढे ऐकवून खिडकीवरून परत पाठवले. पासष्टाव्या वर्षी चार खेपा घालून माझ्या हाती एक पोचपावतीही आली नाही.

वन्यप्राण्यांच्या त्या सहा नाण्यांच्या मालिकेतील प्रत्येक प्रकारची नाणी 10 लाखांपर्यंत पाडलेली आहेत, तेव्हा ‘शेवटचा संच’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका. ती जाहिरात परवा पुन्हा दिसली, या वेळी विकणारा साताऱ्याचा होता. छायाचित्र मात्र तेच आहे आणि मूसच्या नाण्यावर अजूनही 2011 लिहिलेले आहे.