ऑटोफोकस गेलेली लेन्स: सर्व्हिस सेंटर, गल्लीतला कारागीर, की सरळ दुसरी घ्यायची?

पावसाळा सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला तिसऱ्यांदा आला, की लेन्स फोकसच घेत नाहीये, दुरुस्त करू का नवी घेऊ. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, लेन्स कुठली? कारण ५० एमएमची स्वस्त प्लास्टिकची लेन्स आणि ७०-२०० एफ२.८ सारखी महागडी झूम या दोघींना एकच औषध चालत नाही, एकीवर सर्व्हिस सेंटरचा खर्च करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, आणि दुसरी कुणाही स्क्रू-ड्रायव्हरवाल्याच्या हातात देणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

पण आधी लेन्स खरंच मेलीय का ते बघा. हसू नका, बॅगेतून काढताना एएफ-एमएफचं (आपोआप की हाताने फोकस) बटण सरकून एमएफवर जाणं हे मी लग्नाच्या मांडवात मुरलेल्या फोटोग्राफरचं झालेलं बघितलंय. दुसरं म्हणजे बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कुणाला वापरायला दिली होती का? कित्येक जण फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन नाहीतर चांदणीवाल्या बटणावर ठेवतात, मग शटर अर्धं दाबून तुम्ही कितीही वाट बघा, काही हलणार नाही. टेलि, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, लेन्सवर फोकसचा टप्पा ठरवणारं लिमिटरचं बटण असतं, ते लांबच्या टप्प्यावर असेल तर समोर दोन मीटरवर बसलेला माणूस फोकसमध्ये येणारच नाही. कॅननच्या जुन्या ५० एमएम एफ१.८ टू (दुसरी आवृत्ती) ला निदान ४५ सेंटिमीटर अंतर लागतं, ताटातल्या मोदकावर नाक टेकवून फोटो काढायला गेलात तर ती पुढेमागे नुसती घर्र घर्र करत बसते. आणि टेलिकन्व्हर्टर (लेन्स नि बॉडीच्या मध्ये लावायचं भिंगांचं जोड) लावला असेल तर प्रकाश कमी होतो, म्हणजे एफचा आकडा वाढतो, एफ५.६ ची लेन्स १.४एक्स लावल्यावर एफ८ होते आणि बऱ्याच डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडी एफ५.६ च्या पुढे फोकस घ्यायचं सोडून देतात.

हे सगळं बघून झालं की अदलाबदल करायची. तुमच्या बॉडीवर दुसऱ्याची लेन्स, दुसऱ्याच्या बॉडीवर तुमची लेन्स. मित्राकडे त्याच कंपनीची बॉडी नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस घेऊन बघा. व्ह्यूफाइंडरमधून फोकस होत नाही पण स्क्रीनवर हळूहळू का होईना होतोय, तर लेन्स बिचारी ठीक आहे, बॉडीतला फोकसचा सेन्सर किंवा त्याच्यापुढचा छोटा आरसा गडबडलाय (कॅननच्या जुन्या बॉडीत मात्र लाइव्ह मोड ठेवा, क्विक मोड नको, क्विक मोड तोच सेन्सर वापरतो). या एका टेस्टमुळे माझ्या एका मित्राने लेन्स बदलायचे पैसे वाचवले, बॉडीच्या दुरुस्तीत गेले तो भाग वेगळा.

निकॉनवाल्यांसाठी अजून एक, कारण इथे लेन्स बिघडलेलीच नसते, जोडी चुकलेली असते. एएफ-डी या जुन्या लेन्समध्ये मोटरच नसते, ती बॉडीतल्या मोटरने स्क्रू फिरवून चालते, आणि डी३००० नि डी५००० वाल्या घराण्यातल्या बॉडीत ही मोटर नाही. म्हणजे ओएलएक्सवर ५० एमएम १.८डी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि डी५३०० वर लावली तर ती जन्मभर हातानेच फिरवायची. डी९० किंवा डी७००० घराण्यावर तीच लेन्स मस्त चालते. झेड, म्हणजे निकॉनच्या मिररलेस (आरसा नसलेल्या), बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावूनही नाही, त्या अडॅप्टरमध्ये मोटर नाहीये. उलट्या बाजूने नव्या एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० असल्या जुन्या बॉडीवर फोकसच घेत नाहीत. दुकानदार हे सांगेलच असं नाही. कॅननकडे ही भानगड नाही, १९८७ मध्ये ईएफ माउंट (लेन्स अडकवायची कडी) आला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच आहे.

आता समजा लेन्सच गेलीय. कुठे न्यायची हे ठरवायच्या आधी कान लावून ऐका आणि आकडा बघा. कॅननवर अ‍ॅपर्चरच्या (एफच्या आकड्याच्या) जागी ०० दिसतंय किंवा एरर ०१ येतोय, निकॉनवर एफ आणि पुढे दोन रेघा येतायत, तर बॉडी आणि लेन्सचं बोलणंच तुटलंय, त्यात बरेचदा नुसत्या पिना मळलेल्या असतात आणि हे घरी होतं. लिंट न सोडणारं कापड, त्यावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेन्सच्या मागच्या सोनेरी पिना हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, परत लावा. खोडरबर घासायचा सल्ला सगळीकडे मिळतो पण त्याने सोन्याचा मुलामा जातो आणि भुगा आत पडतो, मी नाही करत. डब्ल्यूडी-४० तर लेन्सच्या जवळपासही नको. आकडा बरोबर दिसतोय पण आवाजच नाही, तर मोटर किंवा तिची फ्लेक्स केबल, म्हणजे पातळ पट्टीसारखी वायर, गेलीय. आवाज येतोय पण रिंग जागची हलत नाही, तर गिअर सटकलाय किंवा दात गेलेत. रिंग हातानेही फिरत नाही किंवा एका जागी अडते, तर लेन्स पडलीय किंवा आत वाळू गेलीय, अलिबागहून परत आल्यावर असं झालं असेल तर आठवून बघा कॅमेरा कुठे ठेवला होता. शेवटच्या तिन्ही केसमध्ये घरी उघडू नका. जपानी लेन्सचे स्क्रू आपल्या नेहमीच्या चौफुलीचे नसतात, दिसतात तसे पण वेगळे असतात, नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरने डोकं खराब होतं आणि मग कारागीरसुद्धा हात जोडतो.

तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर की कारागीर. सेंटरची खरी ताकद सुटे भाग आणि जुळवणी ही आहे. लेन्स जोडल्यावर काचा मधोमध आहेत का, चारही कोपरे सारखे शार्प आहेत का, फोकस नेमका बसतोय का, हे तपासायचं सामान त्यांच्याकडे असतं. म्हणून ७०-२०० किंवा २४-७० असेल, त्यावर तुमची रोजी असेल, तर दुसरा विचार करू नका, बिल बघून घाम फुटला तरी तिथेच द्या. पण त्यांची पद्धत अख्खा भाग बदलायची, म्हणजे मोटरचा एक छोटा तुकडा गेला असेल तरी पूर्ण फोकस युनिटचं एस्टिमेट हातात पडतं, वर १८ टक्के जीएसटी. आणि एस्टिमेट नाकारलं तरी तपासणीचे पैसे बरेचदा द्यावे लागतात, ते आधी विचारून घ्या. दुसरी अडचण म्हणजे लेन्स बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील तर पार्ट नाही म्हणून परत पाठवतात, मग तुमच्याकडे कितीही पैसे असोत.

इथे कारागीर कामाला येतो. मुंबईत फोर्टला सीएसएमटीच्या जवळ बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आणि दुरुस्तीवाले आहेत, तिथे गेलात तर कंपनीने टाकून दिलेल्या लेन्सला जिवंत करणारी माणसं भेटतात, मेलेल्या दुसऱ्या लेन्सचा गिअर काढून तुमच्यात बसवतात. तुटलेली फ्लेक्स, सटकलेला गिअर, वाळू, फंगस (काचेवरची बुरशी), अशा कामाला मी कारागीरच पसंत करतो. कॅननच्या १७-८५ एमएममध्ये अ‍ॅपर्चरची फ्लेक्स तुटून एरर ०१ येणं हे इतकं नेहमीचं आहे की मुरलेला माणूस लेन्सचं नाव ऐकूनच सांगतो काय झालंय. पैसे कमी, वेळ कमी, आणि समोर बसून घासाघीस करता येते, सेंटरच्या काउंटरवर ते जमत नाही.

पण कारागीर कारागिरात फरक असतो आणि तो मला महागात पडलाय. एका दुकानात (गाव नि नाव राहू दे) मी झूम दिली होती, फोकस सुरू झाला, खूश होऊन घरी आलो, आणि गच्चीवरून डोंगराचा फोटो काढला तर लांबचं काहीच शार्प नाही. माउंटच्या खाली केसासारख्या पातळ चकत्या असतात, शिम म्हणतात त्यांना, लेन्सचं अंतर नेमकं ठेवायला, त्या त्याने परत जोडताना चुकीच्या बसवल्या असणार. परत गेलो तर म्हणे आधीपासूनच अशी होती. तेव्हापासून मी देण्याआधी एका भिंतीचा आणि एका लांबच्या टॉवरचा फोटो काढून ठेवतो, आणि घेताना दुकानाच्या दारात उभा राहून तसाच परत काढतो, चारही कोपरे झूम करून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. पावतीवर सिरियल नंबर आणि काय बदललं ते लिहून घ्यायचं. सेंटर असो वा कारागीर, कामाची गॅरंटी किती महिने हेही त्याच कागदावर, तोंडी नको.

आता तिसरा रस्ता, दुसरी लेन्स. १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) असेल तर इथे वादच नाही, सेकंडहँड बाजारात ती इतकी पडून आहे की दुरुस्तीचं एस्टिमेट तिच्या किमतीच्या वर जाण्याची शक्यता जास्त. माझा हिशोब असा, त्याच लेन्सची सेकंडहँड किंमत काढायची, दुरुस्ती तिच्या निम्म्याच्या वर गेली की थांबायचं. अपवाद एकच, लेन्सशी मन गुंतलं असेल तर, तिथे हिशोब चालत नाही.

खरी गंमत ५० एमएमच्या बाबतीत आहे. माझी एफ१.८ टू बारशाला हातातून सुटली आणि अक्षरशः दोन तुकडे झाली, पुढचा भाग एकीकडे मागचा एकीकडे. १९९० ची डिझाइन, १३० ग्रॅम वजन, माउंटसुद्धा प्लास्टिकचा. दाबून परत जोडली, फोकस नाहीच, मोटर आत फिरतेय आणि गिअर धरत नाही. आता ही दुरुस्त करायची का २०१५ मध्ये आलेली तिचीच पुढची आवृत्ती, एसटीएम, घ्यायची? काच दोघींची जवळपास तीच, पाच गटांत सहा भिंगं. पण एसटीएमला माउंट धातूचा, वजन १६० ग्रॅम, अंतर ३५ सेंटिमीटरपर्यंत जातं, अ‍ॅपर्चरची पाती पाचाऐवजी सात, मोटरचा आवाज खूपच कमी. फिल्टर मात्र ५२ चा ४९ झाला, म्हणजे जुने फिल्टर अडकून पडतात किंवा रिंग घ्यावी लागते. एसटीएममध्ये फोकसची रिंग मोटरमार्फत चालते, कॅमेरा बंद असेल तर कितीही फिरवा काही होत नाही, आणि पुढचं नळकांडं बाहेर आलेलं असताना बंद केलात तर बऱ्याच बॉडीवर ते तसंच बाहेर राहतं. तेव्हाच कुठे आपटलं तर आतलं अडकून बसतं आणि झाला तुमचा नवा ऑटोफोकस प्रॉब्लेम. म्हणून बंद करायच्या आधी आत घ्यायची सवय लावा, नाहीतर हूड लावा.

मी टू दुरुस्त केली नाही, सेकंडहँड एसटीएम घेतली. तुम्ही येत्या वर्षात मिररलेसवर जाणार असाल तर जरा थांबा, कारण २०२० मध्ये आलेली आरएफची (कॅननच्या मिररलेसची) ५० एमएम १.८ डीएसएलआरला लागत नाही, पण ईएफची लेन्स अडॅप्टर लावून आरच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. म्हणजे आत्ता हाताशी डीएसएलआर असेल तर ईएफचीच घेतलेली बरी, पुढे वाया जात नाही. सिग्माच्या खूप जुन्या ईएफवाल्या लेन्स सेकंडहँड दिसल्या तर मात्र सांभाळून, फिल्मच्या काळातल्या काही डिजिटल बॉडीवर नुसता एरर देतात, ती बिघाडाची नाही चिपची गोष्ट आहे आणि ती चिप आता बदलून मिळणं कठीण.

चौथा पर्याय लोक विसरतात, काहीच न करणं. फक्त मोटर गेली असेल आणि पिना ठीक असतील तर एमएफवर टाका, शटर अर्धं दाबून ठेवा आणि रिंग फिरवा, फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमधला ठिपका पेटतो. मी तुटलेली टू अजून अशीच वापरतो, ट्रायपॉडवर, जेवणाच्या नि फुलांच्या फोटोंना, लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून. माणसांचे फोटो मात्र विसरा. क्रॉप (छोट्या सेन्सरच्या) बॉडीवर एक मीटर अंतरावर एफ१.८ ला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर शार्प राहतं, आणि आजच्या डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर इतका बारीक फरक दाखवतच नाही, तुम्हाला वाटतं डोळे शार्प आहेत आणि घरी येऊन बघता तर कान. लहान मूल असेल तर तेवढ्या वेळात ते पलीकडच्या खोलीत पोचलेलं असतं.

सेकंडहँड घ्यायला गेलात तर आपली बॉडी बरोबर न्या, त्याच्या बॉडीवर चालली हे पुरेसं नाही. जवळून लांब, लांबून जवळ असं वीस-पंचवीस वेळा फोकस घ्या, एकदा जरी अडखळली तर सोडा. निकॉनच्या एएफ-एस लेन्समध्ये मोटर चिरकत असेल तर ती जायच्या वाटेवर आहे असंच समजा. टॉर्च मागून मारून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा, कोकण-मुंबईकडची लेन्स असेल तर दोनदा बघा, आणि विकणारा म्हणाला की बसूनच होती वापरली नाही, तर तिसऱ्यांदा, कारण कपाटात बंद पडून राहिलेल्या लेन्सलाच फंगस आधी धरतो.