मेव्हनमध्ये, म्हणजे जावाच्या बिल्ड टूलमध्ये, टेस्ट स्किप करायच्या तर कुठल्या फ्लॅगने?

बदल काय तर लॉगमधली एक ओळ, आणि त्यासाठी टेस्ट संपेपर्यंत बसून राहायचं, त्यामुळे स्किप करावंसं वाटणं साहजिक आहे, लोकलवर मीपण रोज करते. पण बरेच जण दोन फ्लॅग एकच समजून जो आधी आठवेल तो टाकतात, आणि ते एक नाहीत.

स्किपटेस्ट्स दिला की टेस्टचा कोड कंपाइल होतो, फक्त रन होत नाही. मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप ट्रू दिला तर तो कंपायलर प्लगइनपण मानतो, म्हणजे टेस्ट कंपाइलसुद्धा होत नाहीत. वेळ दुसऱ्यात जास्त वाचतो हे खरं, पण बहुतेक प्रोजेक्टमध्ये वेळ खातं ते टेस्ट रन होणं, स्प्रिंग फ्रेमवर्कचा कॉन्टेक्स्ट उभा राहणं, डेटाबेस वर येणं, कंपाइल त्यामानाने पटकन उरकतं. थोड्या सेकंदांसाठी तुम्ही काय सोडताय ते बघा.

आमच्या टीममध्ये कुणीतरी घाईत हा दुसरा फ्लॅग पॉमच्या, म्हणजे मेव्हनच्या कॉन्फिगरेशन फाइलच्या, प्रॉपर्टीजमध्येच ट्रू करून कमिट केला. तीन आठवडे बिल्ड हिरवा. रिलीजच्या आधी तो काढला तर टेस्ट कंपाइलच होईनात, एका कन्स्ट्रक्टरला पॅरामीटर वाढलेला, दोन मेथडची नावं बदललेली, आणि ज्यांनी बदल केले त्यांना पत्ताच नाही कारण लाल ओळ त्यांच्यासमोर कधी आलीच नाही. दोन दिवस टेस्ट सरळ करण्यात गेले आणि त्यात राउंडिंगचा एक खरा बग सापडला, तो तोपर्यंत क्लायंटकडे पोचला होता. स्किपटेस्ट्स असता तर निदान कन्स्ट्रक्टर बदलला त्याच दिवशी बिल्ड फुटला असता आणि कुणीतरी टेस्ट उघडून बघितल्या असत्या. मला अजून त्याचा राग येतो.

मल्टी मॉड्यूल प्रोजेक्ट असेल तर अजून एक लफडं आहे. एका मॉड्यूलची टेस्ट जार, म्हणजे टेस्टच्या कोडची पॅकेज फाइल, दुसरं मॉड्यूल वापरत असेल तर दुसऱ्या फ्लॅगने ती जार बनतच नाही, मग पुढचं मॉड्यूल डिपेंडन्सी मिळत नाही म्हणून अडतं, किंवा लोकल रिपॉझिटरीत जुनी जार पडलेली असेल तर गुपचूप तीच उचलतं, आणि हे जास्त वाईट. आणि विंडोजवर पॉवरशेलमध्ये हा फ्लॅग कोट्सशिवाय टाकला की डॉटपाशी तुटतो आणि मेव्हन अननोन लाइफसायकल फेज म्हणून ओरडतो, नवीन मुलं यात अर्धा तास घालवतात. स्किपटेस्ट्समध्ये डॉटच नाही.

शुअरफायर, म्हणजे युनिट टेस्ट चालवणारा मेव्हनचा प्लगइन, त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येही दुसरा फ्लॅग अगदीच गरज पडली तर असाच सांगितलाय. माझ्या मते ती गरज एकच, टेस्टचा कोड आत्ता अर्धवट आहे, कंपाइल होत नाहीये आणि तुम्हाला फक्त स्वतःच्या मशीनवर जार हवीये.

पण स्किप करण्याआधी हे बघा की हळू काय आहे. इंटिग्रेशन टेस्ट हळू असतील आणि त्या फेलसेफ या प्लगइनने चालत असतील तर स्किपआयटीज द्या, युनिट टेस्ट चालू राहतात. स्किपटेस्ट्सने दोन्ही बंद होतात हे खूप जणांना माहीत नसतं. एकाच क्लासवर काम चाललंय तर टेस्ट फ्लॅगला त्या क्लासचं नाव द्या, तेवढीच चालेल. फेल्युअर इग्नोर करणारा फ्लॅग मात्र मी कुणालाच सुचवणार नाही, टेस्ट चालतात, फेल होतात आणि खाली बिल्ड सक्सेस येतं, ते वाचून माणूस पुढे जातो.

डॉकरफाइलमधला स्किपटेस्ट्स बघून काही जण घाबरतात, तो चालतो, पण पाइपलाइनच्या आधीच्या स्टेपमध्ये त्याच कमिटवर टेस्ट झालेल्या असल्या तरच. टेस्टकंटेनर्स (टेस्टसाठी डॉकरमध्ये डेटाबेस वगैरे चालवणारी लायब्ररी) वापरत असाल तर इमेज बनवताना आत डॉकर डीमन नसतो, त्या टेस्ट तिथे तशाही चालत नाहीत.

ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल वापरणाऱ्यांनी बिल्डऐवजी असेंबल वापरलं तरी जार मिळते, फक्त त्यात टेस्टचा कोड कंपाइल होत नाही, म्हणून सोबत टेस्टक्लासेस टास्कही लावा.

आणि पॉममध्ये डिफॉल्ट ठेवायचाच असेल तर स्किपटेस्ट्स प्रॉपर्टीजमध्ये ठेवा, म्हणजे कमांडवर फॉल्स देऊन टेस्ट चालवता येतात. प्लगइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये थेट ट्रू लिहिलंत तर कमांडवर काहीही द्या, टेस्ट चालणार नाहीत.