याशिका-मॅट १२४जी : घरी केलेली दुरुस्ती आणि त्यानंतरचे काही महिने

याशिका-मॅट १२४जी हा दोन लेन्सचा (वरची बघायला, खालची फोटो काढायला), १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर ६×६ सेंटिमीटरचे बारा फोटो देणारा कॅमेरा १९७० ते १९८६ या काळात बनला. म्हणजे आज हाती येणारा सगळ्यात नवा नगसुद्धा चाळिशीचा. माझा नग बाहेरून चकचकीत होता, पण मागच्या झाकणाच्या खाचेतला, प्रकाश अडवणारा फोम विरघळलेला, वरच्या लेन्समागचा आरसा धुरकट आणि तो ज्या काचेवर चित्र पाडतो त्या फोकसिंग स्क्रीनचे कोपरे काळोखे. ही तिन्ही कामं घरी केली, प्रकाश मोजणाऱ्या मीटरशीही थोडी खटपट केली आणि मग कॅमेरा नेमाने वापरला. त्यातलं काय पुरून उरलं आणि काय नसतं केलं तरी चाललं असतं, ते सांगतो.

आधी हत्यारं. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही. जोर लावला की निसटतो आणि फुली खाऊन टाकतो. जेआयएसचे दोन-तीन बारीक ड्रायव्हर घ्या, बाकीची हौस नंतर.

फोमचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फायद्याचं. जुना पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने सडून डांबरासारखा चिकट होतो. तो लाकडी काडीने खरवडायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच पुसायची आणि नवी पट्टी लावायची. खरवडताना कॅमेरा असा धरा की कचरा आत न जाता बाहेर पडेल. पट्टी जाड घेण्याचा मोह होतो, पण मग झाकण लावताना जोर द्यावा लागतो. त्याआधी एक काम करा : निगेटिव्ह नीट बघा. धुकं (नको तिथे शिरलेल्या प्रकाशाचा डाग) फोटोच्या चौकटीबाहेर, फिल्मच्या कडेपर्यंत गेलं असेल तर प्रकाश झाकणातून येतोय. चौकटीच्या आतच थांबलं असेल तर फोमला दोष देऊ नका, शटर आणि लेन्सकडे बघा. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरच्या बिजागरीतून शिरलेला प्रकाश फोटोत खालच्या बाजूला दिसतो. हे लक्षात न घेता भलतीकडेच शोधत बसणारे पुष्कळ. माझ्या निगेटिव्हच्या कडा भर उन्हातही स्वच्छ येतात. या कामाला पैकीच्या पैकी गुण.

आरशाचा चकाकता थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो. कापडाने पुसायला गेलात तर धुळीबरोबर थरही निघून येतो. फुंकणीने धूळ उडवा, तेवढंच. माझा आरसा डागाळलेला होता, म्हणून त्याच जाडीचा, पुढून थर दिलेला नवा तुकडा कापून बसवला. घरातला साधा आरसा चालत नाही, कारण त्यात दुहेरी प्रतिमा दिसते. खरं सांगायचं तर स्क्रीनवरचा निम्मा काळोख या आरशानेच घालवला. स्क्रीन मागवण्याआधी आरसा बघा.

आता स्क्रीन. वरचा हुड (बघताना उजेड अडवणारं घडीचं झाकण) काढला की जुनी स्क्रीन सहज सुटते, नवी उजळ स्क्रीनही सहज बसते, आणि इथेच लोक थांबतात. प्रश्न उजेडाचा कमी, उंचीचा जास्त आहे. नव्या स्क्रीनची जाडी वेगळी असेल तर तिची खरखरीत बाजू (ती खाली, आरशाकडे हवी) मूळ जागेवर राहत नाही. ८० मिमी लेन्सने दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला आणि ती बाजू ०.३ मिमी वर-खाली असेल, तर प्रत्यक्ष फोकस १५ ते १९ सेंटिमीटर सरकतो. एफ ३.५ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, डोळे धूसर आणि कान धारदार, असे पोर्ट्रेट त्यातूनच निघतात.

तपासायला मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवून कुलूप असलेल्या केबल रिलीजने उघडं धरा. फिल्म ज्या आतल्या रुळांवर टेकते त्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा. हातातल्या भिंगातून बघत दूरचा अँटेना त्या काचेवर एकदम धारदार करा आणि मग वर स्क्रीनमध्ये बघा. तिथेही तो तितकाच धारदार दिसला तर जमलं. नाही दिसला तर स्क्रीनखाली पातळ पट्ट्या घालून उंची जुळवा. मी कागदाऐवजी प्लास्टिकच्या घातल्या, कारण दमट हवेत कागद फुगतो. हे जुळवणं अजून हललेलं नाही, मध्ये पुन्हा तपासून पाहिलंय.

तरीही स्क्रीनवर मी पूर्ण खूश नाही. कोपरे उजळले, फ्रेम बांधताना मजा येते, संध्याकाळीही दिसतं. पण स्क्रीन इतकी तलम की फोकस थोडा मागे-पुढे असतानाही चित्र धारदारच भासतं. जुन्या खरखरीत काचेवर ‘आता बसला’ हे जसं झटकन कळायचं तसं कळत नाही. स्क्रीनच्या मधली दुभंगणारी पट्टी (फोकस चुकला की तिच्यात चित्राचे दोन तुकडे दिसतात) आणि हुडमधलं भिंग यांच्याशिवाय मी आता माणसांचे फोटो घेतच नाही. निसर्गदृश्यं काढणाऱ्याला ही अडचण जाणवणारही नाही.

मीटरची गोष्ट थोडक्यात. तो १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीसाठी बनलेला. अल्कलाइन टाकली तर सुई जास्त प्रकाश दाखवते आणि निगेटिव्ह पातळ येतात. १.५५ व्होल्टच्या सिल्व्हर ऑक्साइड सेलबरोबर शॉट्की डायोड (थोडं व्होल्टेज कमी करणारा बारीक सुटा भाग) जोडला की व्होल्टेज जवळपास जुळतं. मी जोडला, सुई शहाणी झाली, पण मीटरमधला प्रकाश ओळखणारा जुना सीडीएस सेल अंधुक प्रकाशात रेंगाळतोच. शेवटी हातातला मीटरच वापरतोय. हे काम वगळा.

शटरला मी हात लावलेला नाही. फोनवर २४० फ्रेम प्रति सेकंदाने चित्रण करून हळू वेग मोजले : १/१५ला सोळा फ्रेम भराव्यात, आणि तेवढ्याच भरतात. १/६०च्या पुढे ही पद्धत निरुपयोगी, तिथे चार फ्रेमही जेमतेम मिळतात. एक सेकंदाचा वेग मात्र थंडीत लांबतो. त्यासाठी लेन्स बसवलेली पुढची प्लेट उतरवून हळू वेगाचे गिअर साफ करावे लागतील, आणि प्लेट परत बसवताना ती फिल्मला समांतर राहिली पाहिजे. एका वेगापायी एवढी जोखीम मी घेणार नाही. ट्रायपॉडवर ‘बी’ लावून घड्याळाकडे बघत शटर सोडतो.