बर्फाचे स्केट्स आधी घ्यावेत की चाकांचे?

खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमधले लेहचे आइस हॉकीचे सामने पाहून सातारा-सांगलीकडच्या एखाद्या स्केटिंगपटूला या खेळात उतरावेसे वाटले, तर ब्लेडचे स्केट्स घ्यावेत की इनलाइन हॉकीचे चाकांचे, हे त्याला आधी ठरवावे लागते. दोन्हींचा बूट जवळपास सारखाच असतो आणि फरक तळाखाली असतो. बर्फ मात्र लडाख किंवा देहरादूनसारख्या ठिकाणी गेल्यावरच मिळणार, म्हणजे वर्षातले मोजके दिवस. उरलेले वर्षभर सराव काँक्रीटवरच होणार.

ब्लेडच्या बाजूने बोलायचे तर चाकावर कितीही सराव केला तरी बर्फावर आडवे घसरत थांबण्याचे तंत्र पूर्णपणे अंगी येत नाही, कारण खरबरीत काँक्रीटवर चाक तसे घसरत नाही. पण ब्लेडला धार लावण्याची अडचण त्याहून मोठी आहे. हॉकीच्या ब्लेडच्या तळाला लांबीच्या दिशेने उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही काठांना दोन स्वतंत्र धारा असतात. ही पन्हळ साधारण अर्धा इंच त्रिज्येची असते. त्रिज्या जितकी कमी तितकी ती खोल आणि पकड जास्त. ऊसतोडीचा कोयता किंवा घरची विळी उत्तम करून देणारा धारवालासुद्धा आपल्या चाकावर ही पन्हळ घासून सपाट करील, कारण त्याचे सारे कसब एकच धार काढण्याचे आहे. शिवाय साताऱ्याच्या पावसाळ्यात ब्लेड नीट पुसून न ठेवल्यास गंज चढायला वेळ लागत नाही.

चाकांना असे लाड लागत नाहीत, फक्त ती जागा पाहून निवडावीत. उघड्या काँक्रीटसाठी ८२ए ते ८५ए कठीणपणाची चाके घ्यावीत; सभागृहातल्या गुळगुळीत फरशीसाठी असलेली ७४ए ते ७८ए ची मऊ चाके बाहेर भराभर झिजतात. म्हणून इनलाइन आधी घ्यावेत आणि बर्फावर पहिल्यांदा जाताना ब्लेडचे स्केट्स तिथे भाड्याने मिळाले तर त्यांवर काम भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मापाचे नियम दोन्हींना सारखेच लागू आहेत. स्केटचा नंबर बुटाच्या नंबरपेक्षा एक ते दीडने लहान घ्यावा, असे सर्रास सांगितले जाते. पण तो हिशेब अमेरिकी नंबरांचा आहे. आपल्याकडचा ब्रिटिश नंबर पुरुषांच्या अमेरिकी नंबरापेक्षा मुळातच सुमारे एकने कमी असतो, त्यामुळे त्यातून पुन्हा दीड वजा केला तर बूट चावणारच. पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. घातल्यावर ताठ उभे राहिल्यास बोटे पुढच्या टोपीला निसटती लागावीत, गुडघे वाकवल्यावर ती मागे सरावीत आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. लेस बांधण्यापूर्वी वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी. ती पायाला टेकली, तर बूट पावलाच्या उंचीला अपुरा आहे. मुलांसाठी वाढत्या अंगाचे घेण्याची आपली सवय इथे आवरावी लागते, कारण सैल बुटात घोटा आत कलंडतो आणि मूल चुकीचे चालणे शिकते.

संरक्षक साहित्यातले बहुतेक दोन्हीकडे चालते. हेल्मेट भुवईच्या वर एक-दोन बोटांवर बसावे आणि मुलांच्या हेल्मेटला तोंडापुढे पूर्ण जाळी असावी; बर्फावरची पक, म्हणजे चेंडूऐवजी खेळायची चपटी चकती, सुमारे १७० ग्रॅम वजनाची, कठीण रबराची असते. नडगीवर बांधायच्या शिनगार्डच्या वाटीत गुडघ्याची वाटी बरोबर मध्ये यावी. एल्बो-पॅड आणि ग्लोव्ह यांच्यात मनगटाजवळ मोठी फट राहू नये. जाड गाद्यांची आखूड विजार बर्फासाठीच लागते. इनलाइनमध्ये लांब पँटखाली घट्ट बसणारे पातळ पॅडिंग पुरते. गळापट्टीकडे पूर्वी बरेच जण दुर्लक्ष करीत, परंतु २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या सामन्यात स्केटच्या ब्लेडने गळा कापून ॲडम जॉन्सन या खेळाडूचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत ती सक्तीची केली. बर्फावर पाऊल ठेवायचे असेल, तर ती आधी घ्यावी.

शिनगार्ड आणि एल्बो-पॅड जुने घेऊन पैसे वाचवायला हरकत नाही. हेल्मेट मात्र नवेच घ्यावे, कारण पूर्वी बसलेल्या माराने आतला फोम दबला आहे की नाही, हे वरून कळत नाही.